तिला जेवू घालू नका

हार्बिन, १२ डिसेंबर

रुईयुन पोरी,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं नसशील. ओळखण्याइतकं मी तुला कधी लिहिलंच नाही. मी फेंगशियान, शानलिनची आई. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड. फोन मी मुद्दामच केला नाही. फोनवर माणूस मधेच तोडून टाकतं आणि आपण नुसते ‘हॅलो हॅलो’ करत बसतो. कागदाला आधी शेवटपर्यंत जाऊ द्यावं लागतं. आणि मला लिहायचं म्हणजे वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे. तागाच्या गिरणीतल्या संध्याकाळच्या वर्गात अक्षरं शिकले, बाकीची भिंतीला चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवरून. तेव्हा कुठे चुकलं असेल तर समजून घे.

काम एकच आहे. परवा माझ्या फोनवर निरोप आला. ‘नाइनाइ, मी निंगनिंग, तुमची नात. नंबर बाबांच्या जुन्या मित्राकडून मिळवला. जानेवारीत कॉलेजच्या तीन मैत्रिणींबरोबर बर्फ बघायला हार्बिनला येतेय. तुम्हाला भेटले तर चालेल का? आईला अजून विचारलेलं नाही.’

चार वर्षांची होती तेव्हा पाहिलेली. आता एकोणीस. चष्मा डोळ्यावर असताना मी घरभर चष्मा शोधत होते, यावरून काय ते समज.

मी तिला उलट लिहिलं, ये बाळा, पण आधी मी तुझ्या आईला विचारते. त्यावर ती रुसली, पण तुझा नंबर आणि पत्ता दिला. आणि हा म्हातारा तर भडकलाच. तुझा सासरा हो. ट्रॉलीबस चालवायची सोडून इतकी वर्षं झाली, पण रागावला की अजून हात भोंग्यावर असल्यासारखा जातो. ‘म्हातारे,’ म्हणाला, ‘सूर्य आपल्या पायांनी खिडकीत आलाय आणि तू पंचांग उघडून बसलीस!’

मी म्हटलं, ‘नात आपली नंतर, लेक तिची आधी. चोरून भेटायला आपण काय दरोडेखोर आहोत?’

‘पंधरा वर्षांत एक ओळ नाही तिची. ती हो म्हणणार आहे का?’

‘नाही म्हणाली तर नाही.’

तो बाहेर जाऊन आंबवायला घातलेल्या कोबीच्या माठावरचा दगड उगाच उचलून पुन्हा ठेवून आला.

तर पोरी, तुझी परवानगी हवी आहे. तू का गेलीस, हे मी विचारत नाही. शानलिनला जाऊन दोन महिने झाले होते, तू पोरीला घेऊन आलीस, आणि दुसऱ्याच दिवशी परत निघालीस. आमची थंडी तुला सोसली नाही असं आम्ही समजलो. नंतर तुझा नंबर बदलला, तू पुन्हा संसार मांडलास. चांगलं केलंस. मला फक्त एवढंच सांग, पोरीला बघू का?

फेंगशियान


हार्बिन, २२ डिसेंबर

रुईयुन,

उत्तर नाही. दक्षिणेत तुझ्या शांतौपर्यंत पत्र जायला वेळ लागत असेल. तिकडे तुमच्या चहाच्या दुकानात गिऱ्हाईक असेल. मी काही घाई करत नाही. हे पत्र मागच्याला सोबत म्हणून पाठवतेय.

आज दोंगझ, वर्षातला सगळ्यांत लहान दिवस. दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार. घरोघर कणकेच्या पाऱ्या लाटून, सारण भरून ज्याओझ उकळत होते. सगळ्या जिन्यात वाफ. म्हाताऱ्याला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, तरी मन लावून खाल्ले. ‘आज न खाल्ले तर थंडीनं कान गळून पडतात,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘तुला कान असून तरी काय उपयोग?’ लू काकू, आमच्या खालच्या मजल्यावरची, ती हसून हसून दाराला टेकली.

शहराला यंदा वेड लागलंय. दक्षिणेकडच्या पोरी लोंढ्यानं येताहेत. फिकट रंगांचे जाड कोट, गोल टोप्या, सगळ्या ‘छोटे बटाटे’ म्हणून ओळखल्या जातात. त्या घसरून पडू नयेत म्हणून भुयारी वाटेत गालिचे अंथरलेत. आमच्या गुडघ्यांसाठी कुणी कधी पोतंसुद्धा टाकलं नव्हतं! गोठवलेली नासपतीची फळं आम्ही गार पाण्यात सोडून, मऊ झाली की चोखून खातो. ती आता हॉटेलात फुलासारखी कापून ताटात मांडतात. म्हातारा ते बघून आला आणि दिवसभर म्हणत होता, ‘नासपतीला दाढी करून बसवलंय.’

चिडतो, पण रोज सकाळी खिडकीवर हिमाची नक्षी चढली की तोंडाची वाफ सोडून तिच्यात भोक पाडतो आणि रस्त्याकडे बघत उभा राहतो. मी विचारलं, काय बघतोस? म्हणाला, बस वेळेवर येते का ते.

पोरीची मापं कळवशील? पायाचं तरी. तिकडचे बूट इथे चालत नाहीत. भेटायचं नाही ठरलं तरी बूट पाठवीन, ती राहील त्या हॉटेलवर ठेवून येईन. ते तरी चालेल ना?

फेंगशियान


हार्बिन, ३० डिसेंबर

रुईयुन,

तुझी चिठ्ठी आली. दोनच ओळी, पण अक्षर तुझंच. ‘भेटा. पण बाहेर भेटा, घरी नेऊ नका. आणि तिला जेवू घालू नका.’

पहिला शब्द वाचून मी खुर्चीत बसले. शेवटचे वाचून पुन्हा उठले.

पोरी, अट मान्य आहे. शब्द दिला. पण तुला एक सांगते, रागावू नकोस. इकडच्या म्हातारीला नातीला भेट पण जेवू घालू नको म्हणणं म्हणजे विहिरीला सांगणं की माणूस बघ पण पाणी देऊ नकोस. का, ते मी विचारणार नाही. असेल काही. पोरीच्या पोटाला काही सोसत नसेल. की माझ्या हाताचं काही आवडलं नव्हतं? खारट झालं होतं का? नाही, विचारत नाही.

म्हाताऱ्यानं चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाला, ‘बाहेर म्हणजे उणे पंचवीसमध्ये. पोरीला गोठवून मारायचा बेत दिसतोय सूनबाईंचा.’

‘गप्प बस. हो म्हणालीय ना?’

‘हो म्हणालीय,’ तो म्हणाला आणि टोपी घालून बाहेर गेला. परत आला तेव्हा हातात लाल सॉसेजचा मोठा पुडा आणि परातीएवढा रशियन पाव. मी म्हटलं, ‘हे कुणासाठी?’ तर म्हणे, ‘मला भूक लागलीय.’ तो पाव आम्ही दोघं परवापासून चावत बसलो आहोत. जबडा दुखतो.

बूट घेतले. छत्तीस नंबर, चिठ्ठीच्या पाठीवर तू लिहिलास तो. बुटांना तुझी ना नाही, हे मी मनात धरून ठेवलंय.

फेंगशियान


हार्बिन, ९ जानेवारी

रुईयुन पोरी,

आज सगळं लिहायचं ठरवून बसले आहे. चहाचा पेला भरून ठेवलाय, म्हाताऱ्याला खाली लू काकूकडे पत्ते खेळायला हाकललंय. हे पत्र लांबेल.

परवा सोफिया चर्चच्या चौकात भेटायचं ठरलं होतं. तासभर आधीच आम्ही जाऊन उभे. चौकात सगळीकडे राण्या! भाड्याचे झगमगीत झगे, खोट्या केसाळ लोकरीची शाल, डोक्यावर मुकुट, आणि नाकाचे शेंडे गाजरासारखे लाल. फोटोवाले ओरडताहेत, ‘हनुवटी वर, राणीसरकार! थरथरू नका, फोटो हलतो!’ म्हातारा म्हणाला, ‘आता यातली आपली राणी कुठली?’

मी लगेच ओळखली. एक पोर एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाचा बूट पोटरीला घासत होती. शानलिन बसची वाट बघताना असाच उभा राहायचा. चार वर्षांच्या पोरीनं बापाकडून हे कधी उचललं असेल, सांग.

मी हाक मारायच्या आत ती ओरडली, ‘नाइनाइ!’ आणि झगा दोन्ही हातांनी उचलून पळत आली. गालिचा नव्हता, घसरलीच. म्हाताऱ्यानं धरली. आणि तिचा मुकुट सरळ करत बसला.

‘आजोबा, माझं नाक गळून पडेल आता!’

‘पडलं तर उचलून देईन. इथे सगळं गोठलेलं असतं, खराब होत नाही.’

ती हसली. मग त्याचं तोंड बंद व्हायचं नाव घेईना. आम्ही मधल्या मोठ्या रस्त्यानं नदीकडे चाललो, पावाच्या आकाराच्या त्या दगडांवरून. तू नवी नवरी आलीस तेव्हा उंच टाचा घालून त्यांच्यात अडकली होतीस, आठवतं? वाटेत दूध-अंड्याची आइस-कांडी विकणाऱ्यांची रांग. म्हातारा रांगेत घुसला. मी बाही धरली. ‘शब्द दिलाय आपण.’

‘जेवण कुठे आहे हे? हा बर्फ आहे. बर्फ तर ती बघायलाच आलीय!’

कांडी तिनं खाल्ली, निम्मी मैत्रिणींना दिली. मी अडवलं नाही. ते तुला सांगून टाकते.

पण पुढे, नदीकाठच्या पायऱ्यांवर, तिच्या मैत्रिणी खाली बर्फावर घसरगुंडीला गेल्या तेव्हा ती थांबली. म्हणाली, ‘आजी, एक विचारू? काल आम्हाला एका टॅक्सीवाल्यानं घरी नेलं. ओळख ना पाळख, बायकोनं पातेलंभर बटाट्याचा रस्सा वाढला. आणि तुम्ही माझी आजी. तुम्ही घरी या म्हणत नाही.’

मी म्हटलं, ‘तुझ्या आईला शब्द दिलाय.’

‘म्हणजे आई अजून घाबरते,’ ती म्हणाली. ‘आई म्हणते, त्यांच्या घरचं खाल्लं की निघावं लागतं.’

‘असं कोण म्हणालं तिला?’ म्हाताऱ्याचा आवाज चढला.

मग पोरीनं सांगितलं. पोरी, मी तिचेच शब्द लिहिते, माझे मिसळत नाही. ‘बाबांनी आईला लग्नाआधीच सांगितलं होतं, आमच्याकडे पाहुणा गाडीतून उतरला की शेवया, गाडीत चढायचा असला की ज्याओझ. शेवया लांब, त्या पायांत अडकून माणसाला थांबवतात. ज्याओझ म्हणजे बांधलेलं गाठोडं, वाटेला लावायचं. आई म्हणते, दोन वेळा नववर्षाला आले, दोन्ही वेळा उतरल्याबरोबर आजीनं शेवया दिल्या. तिसऱ्या वेळी बाबा नव्हते. घर सोडून, सगळं सामान बांधून, तुला घेऊन कायमची राहायला आले. आणि दारातून आत पाऊल टाकलं तर समोर ज्याओझ. निघून जा, हे त्यांना तोंडानं सांगायचं नव्हतं. मी समजले.’

रुईयुन, त्या पायरीवर बर्फ होता तरी मी बसले.

म्हाताऱ्यानं तिला विचारलं, ‘कुठला दिवस होता तो? आई दिवस सांगते का?’

‘सांगते ना. आमच्याकडे त्या दिवशी गोड पाकात तांदळाच्या गोळ्या करतात. आई गाडीत सारखा विचार करत होती, हार्बिनमध्ये तांदळाचं पीठ मिळेल का, पोरीला गोळ्या करून देता येतील का.’

‘दोंगझ!’ म्हातारा एवढ्यानं ओरडला की खालच्या पोरी वर बघायला लागल्या. ‘म्हातारे, दोंगझ होता तो! त्या दिवशी सगळं हार्बिन ज्याओझ खातं! कुत्रीसुद्धा खातात!’

आता तूच सांग, मी काय करू? शिव्या द्यायच्या तर त्या दिवसालाच द्यायला हव्यात. तू आमचा दोंगझ कधी पाहिलाच नव्हतास, नेहमी नववर्षाला यायचीस. आणि आमच्या डोक्यात तुझ्या येण्याहून पोरीचे कान. तिचे कान गळू नयेत म्हणून मी तिच्यापुरते बोटाच्या पेराएवढे ज्याओझ वळले होते, कोबी नको, नुसतं अंडं घालून. शेवयांची कणीकही मळून ठेवली होती दुसऱ्या दिवसासाठी. दुसऱ्या दिवशी तू निघालीस. म्हणालीस, माहेरी आई आजारी आहे. तू एकच ज्याओझ खाल्ला होतास, मला वाटलं दुःखानं घास उतरत नाही. तुझ्या दोन मोठ्या पेट्या बघून म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, ‘एवढं सामान?’ मी म्हटलं, दक्षिणेकडची माणसं, थंडीचे कपडे असतील. कायमची आली आहेस, हे परवा त्या पायरीवर कळलं. पंधरा वर्षांनी, तुझ्या लेकीच्या तोंडून.

आम्हाला वाटलं थंडी तुला सोसेना. तुला वाटलं तू आम्हाला सोसेनास. आणि मधल्या मध्ये ज्याला हे एका वाक्यात सोडवता आलं असतं, तो शानलिन नव्हता.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. नवरा गेलेली बाई, नव्या दारात उभी, तिनं ताटात जे दिसलं ते वाचलं. मीही तेच वाचलं असतं.

पुढचं ऐक. निंगनिंगनं माझा हात ओढायला सुरुवात केली. ‘चला ना आजी, घरी! आता तर कळलं ना? एक घास द्या.’ म्हातारा तर निघालाच होता. मी नाही म्हटलं. अट तू घातलीस, ती तूच उठवायची. पोरगी रडवेली झाली. म्हातारा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवला मात्र.

आज ती गेली. निघणाऱ्याला ज्याओझ घालायची आमची रीत, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हातांनी स्टेशनवर गेले. हात कुठे ठेवावेत कळेना, शेवटी कोटाच्या खिशात ठेवले. नवे बूट तिच्या पायात होते. फाटकापाशी तिनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, ‘आजी, ज्याओझ न खाताच जातेय. म्हणजे तुमच्या रितीनं मी अजून निघालेच नाही.’

गाडी गेली तरी आम्ही उभे होतो. मग म्हातारा माझ्याशी बोलला. ‘चल,’ म्हणाला, ‘पाय गोठतील.’

खरं खोटं तू ठरव. मला उत्तर नको, निदान माझ्यासाठी तरी नको. पण इतकी वर्षं तू ज्या ताटाला घाबरलीस, ते तुला हाकलण्यासाठी मांडलेलं नव्हतं, हे तुला न सांगता मला झोप लागली नसती.

आई (लिहून टाकलं. तू तेव्हा मला आई म्हणायचीस.)


हार्बिन, २ मार्च

रुईयुन,

तुझं पत्र काल आलं. एवढंच: ‘एप्रिलमध्ये तिकडे किती थंडी असते?’

लू काकू म्हणाली, ‘ही काय विचारायची गोष्ट आहे? हार्बिनचं तापमान तर फोनवर दिसतं.’ मी तिला म्हटलं, तू घरी जा.

तर उत्तर लिहिते, नीट वाच. एप्रिलच्या सुरुवातीला दुपारी ऊन असतं, पण सावलीत गेलं की दात वाजतात. नववर्षाला लागायचा तेवढा जाड कोट नको, पण फेकूनही देऊ नकोस. आत लोकरीचे मोजे घाल. बर्फ वितळून रस्त्यात चिखल होतो, टाचांचे बूट तर मुळीच आणू नकोस. ओठांना लावायला तेल आण, तिकडचं दमट वारं इथे नाही. नदी त्याच सुमाराला बर्फातून सुटते. काही वर्षी गुपचूप पाणी होते, काही वर्षी तोफा उडवल्यासारखी फुटते. आवाज झाला तर दचकू नकोस.

शानलिनच्या अस्थी पुढच्या वसंतात, जमीन मऊ झाल्यावर पुरल्या. कुदळ आत जाईपर्यंत थांबावं लागलं. तू नव्हतीस म्हणून म्हाताऱ्यानं दगडाचं तोंड दक्षिणेला करायला लावलं. कबरीवरची माती दर एप्रिलला, पितरांच्या सणाला, मीच सारखी करते, यंदा तू कर. तुझ्या नवऱ्यालाही आण. त्यानं आमची पोर वाढवली, म्हाताऱ्याला त्याच्याबरोबर बसून दारू प्यायची आहे, डॉक्टर काही म्हणोत. त्याला संकोच वाटला तर सांग, आमच्या घरात संकोच करायला जागा नाही, सगळी कोबीच्या माठांनी भरलीय.

उतरल्यावर काय खाणार ते तूच लिहून कळव. मी आता आपल्या मनानं काही रांधणार नाही.

म्हातारा आज सकाळी स्टेशनवर जाऊन आला. कुठल्या दारानं बाहेर पडलं की वारा कमी लागतो ते बघायला. मी म्हटलं, ‘म्हाताऱ्या, अजून महिना आहे.’

टोपी काढून त्यानं खुंटीला लावली. ‘आहे ना,’ म्हणाला. ‘उद्या दुसरं दार बघतो.’

आई